ढिला तो गेला

माझ्या दुकानात, आत येणाऱ्याच्या थेट डोळ्यांसमोर येईल असा, एक फुटका आरसा तारेने टांगलेला आहे. मोटारसायकलचा, उजवीकडचा. काचेला तीन चिरा गेल्यात, मागचं काळं प्लास्टिक खरवडून पांढरं झालंय, आणि दांडीच्या टोकाला जिथे आटे असायला हवेत तिथे सगळं उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. वेळणेश्वरला जाणारी माणसं पंक्चरवाला कुठे म्हणून विचारायला थांबतात आणि त्या आरशाकडे बघून हसतात. "काय हो, दृष्ट लागू नये म्हणून टांगलाय का?" परवा एकाने विचारलं. त्याच्या स्वतःच्या गाडीचा डावा आरसा मान टाकून लोंबत होता. मी म्हटलं, आधी तुमचा आवळून देतो, मग सांगतो. तर म्हणाला, "राहू द्या हो, चालतंय."

त्या 'चालतंय'ने माझं टाळकं सरकलं. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्याची बायको गाडीवर बसताना, मला ऐकू जाईल अशा बेताने, "किती उद्धट असतात इकडचे लोक" असं म्हणाली. बरोबर आहे तिचं. पण मी अजून शिकाऊ उद्धट आहे. ज्यांच्याकडून मी हे शिकलो ते दत्तूकाका तिथे असते, तर त्या माणसाला आरसा आवळून घेतल्याशिवाय समोरची घाटी चढता आली नसती.

दत्तूकाका आमच्या शेजारच्या वाडीतले. उभा जन्म बोटीवर फिटर होते. बोट म्हणजे मोठं मालवाहू जहाज, आणि काका त्याच्या पोटात, इंजिनरूममध्ये. आमच्या किनाऱ्याला दर दोन घरांआड एक बोटीवरचा माणूस सापडेल. बाकीचे निवृत्त होऊन येतात ते सेंटच्या बाटल्या, ब्लँकेटं, भिंतीवरची घड्याळं घेऊन. काका आले ते नट आवळायचे पाने घेऊन. "पेटी उगडलान तर आत नुसतं लोखंड!" काकी सांगायची. "मला वाटला, एकादी साडी तरी असंल."

त्या पेटीतला चौदाचा पाना त्यांनी कमरेच्या करगोट्यात अडकवला, तो आंघोळीपुरताच निघायचा. मोटारसायकलच्या आरशाला बहुतेक हाच पाना लागतो. उंच, हडकुळा देह, बाह्यांचा बनियन, खाकी अर्धी चड्डी आणि पोटावर तो पाना. सकाळी आठला माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर येऊन बसायचे. माझं दुकान घाटीच्या पायथ्याशी आहे. वरच्या सड्यावरून, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठारावरून, रस्ता दोन वळणं घेत खाली उतरतो आणि दर पावसाळ्यात त्याचं डांबर समुद्राला जाऊन मिळतं. उरलेल्या लाल माती-खडीवरून गाडी उतरली की तिचं जे जे सैल असेल ते बोलायला लागतं. काकांना ते सगळं ऐकू यायचं. गाडी दिसायच्या आधी डोळे मिटून सांगायचे, "डावा आरसा." गाडी वळणावरून पुढे आली की खरंच डावा आरसा थरथरत असायचा. मग काका रस्त्याच्या मधोमध उभे.

"थांब!"

"काका, घाई आहे हो."

"ढिला तो गेला. उतर खाली."

माणूस उतरेपर्यंत पाना लागलेलाही असायचा. तोंडाने शिव्यांचा पट्टा चालू. तुला आईबापाने कशाला जन्म दिलान, लायसन कुणी दिलान, गाडी दिलान त्याला पयला बडवला पायजे, असं सगळं. आवळून झालं की आरसा बसवून द्यायचे, तोही स्वतःच्या पद्धतीने. लोक आरसा असा वळवून ठेवतात की त्यात आपलं तोंड दिसावं, भांग नीट आहे का ते बघता यावं. काकांचा त्यावर जळफळाट. "आरशात थोबाड दिसला तर आरसा चुकला. तुझा खांदा दिसला पायजे, नि खांद्याच्या पलीकडं रस्ता. थोबाड घरी बग."

हे फक्त दुकानासमोर नव्हतं. लग्नाला गेले की अक्षता पडेपर्यंत मांडवाबाहेर लावलेल्या गाड्यांमधून फिरायचे. बाराव्याच्या जेवणाला गेले तर पानं मांडेपर्यंत दोन आरसे आवळून यायचे. एकदा शिमग्यात आमच्या सहाणेवर, देवाच्या चौथऱ्यापुढच्या मोकळ्या जागेत, पालखी नाचत होती. ढोल, माणसांची दाटी, खांद्यावर देव. आणि काका सगळ्यांकडे पाठ करून मोटारसायकलींच्या रांगेत वाकलेले. मानकरी असलेल्या गावकरांना राग आला. म्हणाले, "दत्तू, देवाकडं बग तरी एकदा." काकांनी मान वर न करता उत्तर दिलं, "देव घट्ट बांधलेला हाय पालखीत. त्याची काळजी नाय. हे ढिलं हायत."

गावकर चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. काकांना ते चार दिवसांनी कळलं.

मुंबईचे चाकरमानी मे महिन्यात लग्नांना गावी येतात तेव्हा तर काकांना ऊत यायचा. त्यांतल्या काहींनी आरसे चक्क काढून टाकलेले असत. गाडी कशी सुटसुटीत दिसते म्हणे. एका वरातीत असे पाच-सहा गडी नुसत्या हँडलच्या गाड्या घेऊन निघाले, तर काका वाटेत आडवे. "मागं बगायची लाज वाटते काय रं? मागं बगायला देवानं डोळं दिलान नाय, म्हणून माणसानं आरसा केलान. तो पण नको तुमाला?" नवरामुलगा घोड्यावर नव्हता म्हणून बरं, नाहीतर काकांनी घोड्यालाही आरसे मागितले असते. वरात तासभर अडली. शेवटी माझ्या दुकानातून आरसे आले, काकांनी तिथेच बसवले, मग नवरी घराकडे निघाली. नवऱ्याच्या मामाने त्या दिवशी काकांना 'म्हातारं चळलंय' म्हटलं. पुढे सगळं गावच म्हणायला लागलं.

एवढा राग कुठून आला असेल याबद्दल गावात बऱ्याच कथा होत्या. बोटीवर एक नट सैल राहिला आणि मित्राचा हात गेला. कुणी म्हणे, भाऊ गेला. मी एकदा काकीलाच विचारलं. ती कोकमं फोडत बसली होती. म्हणाली, "कायपण नाय रं. पयल्यापासनं तसंच. लग्नात गळ्यात मंगळसूत्र घातलान, तर वढून बगितलान घट्ट हाय का. भटासमोर! मला मेल्याहून मेल्यासारखा झाला." मग पुढचं कोकम उचलत म्हणाली, "पण अजून तुटला नाय हो."

मी दुकान टाकलं तेव्हा मला या धंद्यातलं ओ की ठो येत नव्हतं. स्पेअर पार्टचं दुकान असलं की माणसं बारीकसारीक फिटिंगही तिथेच मागतात. ते मला काकांनी शिकवलं, अर्थात शिव्या देऊन. उलटा आटाही त्यांनीच दाखवला. काही गाड्यांच्या उजव्या आरशाचा आटा उलटा असतो. सगळं जग उजवीकडे फिरवून आवळतं, हा डावीकडे फिरवून आवळायचा. मला ते नसतं लफडं वाटलं. काका म्हणाले, "लफडा नाय, अक्कल हाय. समोरनं काय आपाटला तर आरसा मोडत नाय, ढिला व्हऊन मागं फिरतो. केलान त्याला नमस्कार कर." मग माझ्या नाकासमोर पाना नाचवत म्हणाले, "नि एक ध्येनात ठेव, शिऱ्या. घाईत त्यात सुलट्या आट्याचा आरसा घुसवशील, तर तो जाईल आत. दोन फेरं जाईल. बसला असा वाटंल. पण आतला सगळा मारून गेलेला असंल. तो बसलेला नसतो, अडकलेला असतो."

हे वाक्य मला तोंडपाठ आहे. तेव्हाही होतं. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. तो दिवाळीनंतरचा हंगाम होता. पर्यटकांची गर्दी, सकाळपासून दुकानात माणसं. एक जोडपं भारीतली गाडी घेऊन आलं. हेल्मेट, हातमोजे, चेनचं तेल, बरंच काही घेणार होते. काकांनी त्या गृहस्थाच्या आरशात डोकावून पाहिलं आणि ओरडले, "ह्यात तर नुसता तुमचा थोबाड दिसताय! मागनं गाडी आली तर काय तिला डोळा मारणार?" गृहस्थ काही न घेता गाडी वळवून निघून गेला. आणि मी काकांवर उखडलो. चारचौघांत. म्हटलं, "काका, तुमच्या या ओरडण्याने माझ्या दुकानाची पायरी चढायला लोक घाबरतात. तुम्हाला कुणी सांगितलंय हे? गाडी त्याची, आरसा त्याचा, जीव त्याचा. आवळायचा तर गप्प आवळा, नाहीतर घरी बसा. इथे ओरडायचं नाही."

मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण काकांनी करगोट्यातला पाना नीट खोचला. मग म्हणाले, "बरा."

बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी आठला येऊन बाकड्यावर बसले. गाड्या आल्या, गेल्या. काका उठायचे, हाताने 'थांब' करायचे, तोंडातून अवाक्षर न काढता आरसा आवळायचे आणि परत येऊन बसायचे. थांबला नाही त्याला जाऊ द्यायचे. लोक मला म्हणाले, शिऱ्या, बेस केलंस, म्हाताऱ्याला लायनीवर आणलंस. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी संतोष आला.

संतोष मासे विकतो. सकाळी जेटीवर लिलावात मासळी घ्यायची, मोटारसायकलच्या मागे बर्फाच्या दोन पेट्या एकावर एक बांधायच्या आणि सड्यावरच्या वाड्यांतून बारापर्यंत विकून मोकळं व्हायचं. त्या पेट्या त्याच्या डोक्याच्याही वर जातात. मान वळवून मागचं काही दिसत नाही. त्याला मागचं जग दिसतं ते फक्त उजव्या आरशातून. तो आरसा जेटीवर कुणाच्या तरी टेम्पोला लागून फुटला होता. आणि गाडी नेमकी उलट्या आट्याची.

माझ्याकडे उलट्या आट्याचा आरसा नव्हता. संपला होता, मागवलाही नव्हता. आट्याचं न बोलता मी एवढंच म्हणालो, नेमका तुझ्या गाडीचा नाहीये. संतोष म्हणाला, "शिरीदादा, बर्फ वितळताय. असंल तो बसव. उद्या बगू." दुकानात चार माणसं उभी होती. मी साधा आरसा घेतला, भोकाला लावला आणि जोर केला. दोन फेरे गेला. मग करकचून थांबला. हलवून पाहिला, हलला नाही. मी म्हणालो, "चालतंय. आठवड्याने ये, तुझ्या गाडीचा मागवून ठेवतो."

काका तेव्हा बाकड्यावर नव्हते. समोर विहिरीवर पाय धूत होते. संतोष गाडी चालू करून दहा-बारा हात गेला असेल, तेवढ्यात ते रस्त्यावर आले आणि त्यांनी हात आडवा केला. संतोष थांबला. काकांनी करगोट्यातून पाना काढून आरशाच्या दांडीला लावला. मी दुकानातून बघत होतो. आता मला आईबहिणीवरून ऐकावं लागणार हे मला दिसत होतं. काकांनी पाना थोडा फिरवला. थांबले. संतोष काहीतरी बोलला. काकांनी एकदा माझ्या दुकानाकडे पाहिलं, पाना काढला आणि हातानेच 'जा' म्हटलं. संतोष घाटी चढून गेला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला क्लचवायर काढून दिली.

वरच्या वळणावर आरसा निघाला. लोंबत हँडलवर आपटला, संतोषने तो धरायला हात टाकला, गाडी उजवीकडे ओढली गेली आणि मागून टेम्पो येत होता. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला म्हणून संतोष वाचला. पण पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. लाल रस्त्यावर बांगडे विखुरले होते आणि त्यांच्यात तो बसला होता, पाय नको तिकडे वळलेला. पहिला पोचलो मी. त्याला टेम्पोत घालून पाठवला. मग गटाराच्या कडेला गवतात मला तो आरसा दिसला. उचलून दांडीचं टोक पाहिलं. सगळे आटे मेलेले. मी आजूबाजूला पाहिलं आणि आरसा शर्टाच्या आत घातला.

पुढचं सगळं गावाने केलं. मी फक्त गप्प बसलो. गाडी दुरुस्तीला नेली तिथला मेकॅनिक म्हणाला, या गाडीचा उजवा आटा उलटा असतो. तेवढं पुरे झालं. काकांना पाना लावताना पाच माणसांनी बघितलं होतं. म्हाताऱ्याने उलटा आटा सुलटा फिरवला, आवळायच्या ऐवजी सोडवला, आणि बिचाऱ्या संतोषचा पाय घालवला. हे ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. आणि सांगताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. दुःखी नव्हते ते. खूश होते! इतकी वर्षं या माणसाने यांच्या सैल आरशांवरून यांची लाज काढली होती. त्याची चूक सापडली याचा आनंद यांना संतोषच्या पायापेक्षा मोठा होता. ज्यांचे आरसे काकांनी दहादा फुकट आवळून दिले तेच पुढे होते. त्यांची तोंडं आठवली की अजून माझ्या हाताच्या मुठी वळतात. आणि त्या तोंडांत एक माझंही होतं, फक्त ते बंद होतं.

दोन दिवसांनी काका दुकानात आले. बाकड्यावर बसले नाहीत, सरळ आत आले. विचारलं, "तो आरसा गावला काय रं?"

आरसा खणात होता. माझ्या गुडघ्याला तो खण लागत होता.

"नाही, काका."

त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. "बरा," म्हणाले. मग करगोट्यातला पाना काढून काउंटरवर ठेवला. "हा ठेव. तुला लागंल." आणि गेले. बाकडं त्या दिवसापासून रिकामं झालं. त्यावर लोक पिशव्या ठेवायला लागले.

मी तीन-चार महिने ते तसंच चालू दिलं. कसं दिलं असं कुणी विचारू नये, दुकान चालवता चालवता दिलं. संतोषच्या घरी जाऊन चौकशी करायचो, चहा प्यायचो, काकी दिसली की दुसरीकडे बघायचो. मग शिमगा आला. सहाणेवर पालखी नाचत होती, बाजूला मोटारसायकलींची रांग. काका काजूच्या झाडाखाली एकटेच उभे होते. हात मागे, आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं. नजर त्या रांगेवर. ढोलाच्या दणक्याने कुठला तरी आरसा खुळखुळत होता. तो मलासुद्धा ऐकू येत होता. इतक्यात त्या वरातीतल्यांपैकीच एक जण ओरडला, "ओ काका, आवळा की! बगा हां, उलटा की सुलटा?" सगळी सहाण हसली. काकांनी मान खाली घातली. त्या माणसाने आयुष्यात इंजिनाखाली सोडून कुठे मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरसा घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. काकी गोठ्यात होती. काका ओटीवर बसले होते. मी आरसा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचलला, दांडीच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"सुलटा घुसवलास," ते म्हणाले.

"होय."

"मला तवाच कळला व्हता. पाना लावला नि हाताला कळला. फिरत व्हता, पण धरत नव्हता."

"मग काका, तुम्ही गावाला का नाही सांगितलंत? माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुजा नाव घेऊन माजा काय सुटणार?" त्यांनी आरसा मांडीवर ठेवला. "मी त्याला बोललो असतो, उतर. बर्फ वितळू दे, मासं कुजू दे, आरसा काढ, मग जा. नाय उतरला असता तर चावी काढून घेतली असती. येवडी वर्षं तेच केला ना? तो बोलला, काका घाई हाय. तुज्या दुकानाकडं बगितला. तू बोललेलास, वरडायचा नाय." त्यांचा अंगठा पुन्हा आट्यांवरून फिरला. "सगळ्या जन्मात त्या एकाच येळेला मी रागावलो नाय, शिऱ्या. त्या एकाच येळेला."

मी रडलो असतो तर बरं झालं असतं. पण मला रागच आला, इतका की डोकं बधिर झालं. त्या गप्प बसण्यावर आला, माझ्या 'चालतंय'वर आला, आणि हा माणूस मला आता तरी शिव्या का देत नाही याचाही आला. मी तसं म्हणालो. काकांनी आरसा माझ्या हातात परत दिला. "मला कशाला आणून दाखवतोस? ज्याचा पाय गेला त्याला दाखव. नि मग दुकानात टांग, लोकांना दिसंल असा."

मी तिथून तसाच संतोषकडे गेलो. तो पायात सळी घालून पडवीत बसला होता. सगळं सांगितलं. तो आरसा हातात घेऊन उलटसुलट करत राहिला. त्याची बायको मंदा दाराशी कोळंबी धूत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येवडं दिवस तू इथं येऊन चाय प्यालास? नि त्या म्हाताऱ्याला मी वाटंवर शिव्या घातल्या, तवा तू दुकानात बसून ऐकलास?" आणि कोळंबीचं ते सगळं पाणी तिने माझ्या अंगावर ओतलं. फार बरं केलं. संतोष आता तीनचाकी घेऊन मासे विकतो, लंगडत चालतो, आणि माझ्या दुकानात येत नाही. त्याने यावं असं म्हणायचं तोंड मला नाही.

गावाला मात्र मी जाऊन जाऊन सांगितलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आरसा दाखवला. चूक माझी, काकांची नाही, हे बघा आटे. ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे रे, झाला गेला." एवढ्या पटकन म्हाताऱ्याला फासावर चढवणारे हेच लोक, आणि त्याला खाली उतरवायची वेळ आली तर यांना कंटाळा! एक जण तर म्हणाला, तू मोठ्या मनाचा, म्हाताऱ्याची चूक अंगावर घेतोस. त्याला मी हाकलून दिलं.

पावसाच्या आधी काका-काकी खेडला लेकीकडे राहायला निघाले. काकांना दम लागायला लागला होता आणि लेक ऐकेना. मला काकीकडून कळलं. एसटी सुटायच्या वेळेला मी थांब्यावर गेलो. काका बसच्या दारापाशी उभे होते, धुतलेला सदरा, लेंगा. कमरेला काही नाही. शेजारी एक मोटारसायकल लावलेली होती आणि बसच्या इंजिनाच्या धडधडीने तिचा उजवा आरसा थरथरत होता. काकांनी त्याच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. हात मागेच.

मी खिशातून चौदाचा पाना काढला. त्यांचाच. दांडीला लावला.

"कुटं फिरवतोस?" आवाज जुना नव्हता, पण विचारण्याची तऱ्हा जुनी होती.

मी खाली वाकून बघितलं. उलटा आटा होता. "डावीकडे," मी म्हणालो.

काकीने काकांना दंड धरून बसमध्ये चढवलं. कंडक्टरने घंटी मारली. बस हलली तेवढ्यात खिडकीतून ते हडकुळं डोकं बाहेर आलं आणि काका सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असे ओरडले, "धरलान काय बग, मेल्या! नुसता फिरवू नको! हलवून बग! नि थोबाड नको दिसाया, रस्ता दिसू दे!" माणसं वळून बघायला लागली. काकी त्यांना आत ओढत होती. ते आणखी काहीतरी ओरडत होते, शिवीच असणार, पण इंजिनाच्या आवाजात ती मला पूर्ण ऐकू आली नाही.

मी आरसा हलवून पाहिला. हलला नाही. मग गाडीवर बसल्यासारखा उभा राहून तो नीट वळवला. आधी माझं तोंड दिसलं, ते बाजूला गेलं. मग खांद्याची कड आली. खांद्याच्या पलीकडे घाटीचा लाल रस्ता होता, आणि त्या रस्त्याने एसटी लहान होत वर चढत होती. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी आरशातून तिच्याकडे बघत होतो.